आजचं चिंतन : आधी भरताला कळवा

॥ श्रीराम ॥



आजचा पाठ : वाल्मीकी रामायण, युद्धकांड. श्रीराम भरद्वाजांच्या आश्रमात उतरतात आणि हनुमंताला पुढे नंदिग्रामला पाठवतात, तो भाग.

रोज थोडं थोडं वाचत आपण इथवर आलो. रावण पडला, बिभीषणाला राज्य मिळालं, पुष्पक विमान निघालं. आता काय, संपलंच. खरं सांगायचं तर मीही हा भाग वर्षानुवर्षं नुसता उलटत आलो. सिनेमा संपत आला की लोक अंधारात पायाने चपला चाचपडायला लागतात ना, अगदी तसं. राज्याभिषेक कधी येतो याची वाट. २०२० नंतर मात्र हा भाग मला घाईने वाचता येत नाही. का, ते आज लिहितो. त्यात थोडं माझ्याबद्दलही येईल, आणि ते अभिमानाने सांगण्यासारखं नाही.

पण आधी पाठ.

भरत म्हटलं की आपल्याला पादुका आठवतात. चित्रकूटावर तो रामाला परत न्यायला आला, राम आला नाही, मग पादुका डोक्यावर घेऊन तो माघारी गेला. हे सगळ्यांना माहीत आहे. निघताना तो आणखी एक बोलला, ते बहुतेकांच्या लक्षात नसतं. चौदा वर्षं मी जटा-वल्कलं घालून, फळं-कंदमुळं खाऊन नगराबाहेर राहीन, तुझी वाट बघत, असं तो म्हणाला. आणि चौदावं वर्ष पुरं होईल त्या दिवशी तू मला दिसला नाहीस, तर मी अग्नीत प्रवेश करीन. राम त्यावर 'बरं' म्हणतो आणि भरताला मिठी मारतो.

म्हणजे तारीख ठरली. एकाने 'येतो' म्हटलं, दुसऱ्याने त्या शब्दावर स्वतःचा जीव ठेवला.

आता थेट लंकेत या. युद्ध संपलंय. बिभीषण रामाला म्हणतो, स्नान करा, चंदन लावा, वस्त्रं-अलंकार घ्या. चौदा वर्षांचा शिणवटा आणि वर एवढं युद्ध, कोण नाही म्हणेल? राम नाही म्हणतो. त्याचं उत्तर साधं आहे. भरत तिकडे माझ्यासाठी कष्टात आहे, तो भेटल्याशिवाय मला स्नानही गोड लागायचं नाही, मला लवकर पोचव. लंका जिंकलेल्या माणसाच्या डोक्यात त्या क्षणी कोण आहे बघा. वाट बघणारा.

विमान भरद्वाजांच्या आश्रमापाशी उतरतं. वाल्मीकी तिथी देतात, पंचमी, आणि सांगतात की चौदा वर्षं पुरी झाली ती याच दिवशी. ऋषी म्हणतात, आजची रात्र राहा, उद्या अयोध्येला जा. ऋषींचा शब्द मोडायचा नाही, म्हणून राम राहतो. सरळ भाषेत सांगायचं तर देव एक रात्र उशिरा पोचणार आहे. कारण चांगलं आहे, कुणीही समजून घेईल असं आहे. पण नंदिग्रामला बसलेल्या माणसाला हे कारण कळणार कसं?

राम हनुमंताकडे बघतो आणि म्हणतो, तू पुढे जा.

हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे नंदिग्राम येत नाही. रायगड जिल्ह्यातलं म्हसळा येतं.

माझी आत्या म्हसळ्याजवळच्या एका गावात एकटी राहते. बाबांची मोठी बहीण. कोकण रेल्वेने माणगावला उतरायचं, एसटी पकडायची, साई मागे टाकलं की घोणसे घाट, आणि घाट उतरलं की म्हसळा. तिथून तिचं घर आणखी आत. पुढे अंगण, मागे सुपारीची वाडी, चार नारळ, एक फणस. काका गेले, मुलगी लग्न होऊन गुजरातेत. आम्ही डोंबिवलीत. 'इकडे ये' म्हटलं की ती म्हणते, वाडीला पाणी कोण घालेल?

आमच्या घरात फोन उशिरा आला. त्याआधी बाबा कागदावर शेजाऱ्यांचा नंबर लिहायचे आणि पुढे 'पी. पी.' असं टाकायचे. हल्लीच्या मुलांना पी. पी. म्हणजे काय ते सांगावं लागतं : फोन दुसऱ्याचा, बोलावून देणार. आत्याचा पी. पी. तिच्या गावातला वाणी. बाबा पिवळ्या एसटीडी बूथवरून त्याला फोन करायचे, "ताईला बोलवा, अर्ध्या तासाने परत करतो." आणि अर्ध्या तासाने करायचेच. कारण पलीकडे कुणाचं तरी पोर उन्हातून धावत आत्याला बोलवायला गेलेलं असायचं, आणि आत्या हातातलं काम टाकून, पदराला हात पुसत दुकानाच्या पायरीवर येऊन बसलेली असायची. इकडे बाबा रांगेत, बूथमधल्या लाल आकड्यांकडे बघत. दोन्हीकडे माणूस थांबलेला, आणि समोरचाही थांबलाय हे दोघांना माहीत असलेलं. 'फोन करतो' या दोन शब्दांचा अर्थ आत्या त्या पायरीवर शिकली. मी व्हॉट्सॲपवर शिकलो. फरक तिथेच पडला असणार.

२०२० सालच्या ३ जूनला बुधवार होता. आदल्या दिवशी निर्जला एकादशी झालेली, म्हणजे आत्याचा पाण्याचा घोटही न घेता केलेला उपास. लॉकडाऊनमुळे माझं ऑफिस घरून चालू. सकाळी साडेनऊला तिचा फोन आला. मी लॅपटॉपवर मीटिंगमध्ये. ती म्हणाली, "अरे, इथे पंचायतीची माणसं येऊन गेली, ती म्हणतायत..." मी मध्येच तोडलं. "आत्या, मीटिंगमध्ये आहे. दहा मिनिटांत करतो."

"बरं बरं. कर हां."

मीटिंग सव्वादहाला संपली. मग दुसरी एक होती. मग चहा. मग टीव्ही लावला. वादळाचं नाव निसर्ग, ते बांगलादेशाने सुचवलेलं, ते कुठून कुठे सरकतंय, सगळं मी बघितलं. सगळ्या वाहिन्या मुंबईबद्दल बोलत होत्या, मीही मुंबईबद्दलच विचार करत होतो. आत्याला फोन करायचाय हे मी विसरलो नव्हतो. हे मुद्दाम लिहितोय. विसरलो असतो तर निदान ती चूक म्हणता आली असती. मला आठवत होतं, आणि 'जेवण झालं की निवांत करू' असं मी म्हणत होतो.

दुपारी वादळ किनाऱ्यावर चढलं. मुंबईला नाही, अलिबागच्या खाली, मुरूड-श्रीवर्धनच्या पट्ट्यात. ताशी शंभर किलोमीटरच्या वरचा वारा. अडीचला मी फोन लावला. ग्राहक संपर्क क्षेत्राच्या बाहेर. तीनला लावला. चारला. संध्याकाळी टीव्हीवर सांगितलं, मुंबई वाचली. शेजारच्या बिल्डिंगमधून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. बाबा खुर्चीत बसून होते. त्यांनी एवढंच विचारलं, "सकाळी तिचा फोन आला होता ना? काय म्हणाली?"

मला सांगता आलं नाही, कारण मी ऐकलंच नव्हतं.

पुढचे दिवस कसे गेले ते लांबवत नाही. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, सगळीकडे विजेचे खांब आडवे, मोबाईल टॉवर बंद, रस्त्यांवर झाडं. जिल्हा ओलांडायचा तर ई-पास, तो मिळेना. शुक्रवारी वटपौर्णिमा. आईने कुंडीतल्या फांदीची पूजा केली आणि त्याच वेळी फोनवर कोकणातल्या उन्मळून पडलेल्या वडांचे फोटो येत होते. मी दर तासाला फोन लावायचो. बाबा दर तासाला विचारायचे, "लागला?" मला रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत.

रविवारी दुपारी अनोळखी नंबर वाजला. वाऱ्याचा आवाज, ट्रकचे हॉर्न, आणि एक कोवळा आवाज घाईघाईने : "तुमची आत्या बरी आहे. काही लागलेलं नाही. छप्पर गेलंय, वाडी पडलीय. तिने विचारलंय, तुम्ही सगळे बरे ना? मी माणगावच्या पुढे हायवेवर आहे, इथे रेंज आहे. अजून बऱ्याच जणांना करायचेत, ठेवतो." बस. चाळीस सेकंद. आत्याच्या शेजारचा मुलगा होता तो, अकरावी-बारावीतला, ताडपत्री आणि मेणबत्त्या आणायला बाइकवरून निघालेला.

त्या रात्री मी झोप येईना म्हणून रामायण उघडलं. ठरवून हाच भाग काढला असं नाही, वाचन तिथवर आलं होतं. हनुमान माणसाचं रूप घेऊन जातो. वाटेत शृंगवेरपुराला गुहाला निरोप देतो, कारण तोही थांबलेला आहे. मग नंदिग्राम. भरत दिसतो तो कृश झालेला, जटा वाढलेल्या, अंगावर मृगाजिन, पुढ्यात पादुका. हनुमान त्याला काय सांगतो? युद्ध जिंकलं, रावण मेला, हे आधी नाही. आधी हे, की ज्याच्यासाठी तू इतका झुरतोयस त्या रामाने तुझं कुशल विचारलंय. मग, तो तुला लवकरच भेटेल. मोठी बातमी मागाहून. भरत आनंदाने जमिनीवर कोसळतो. शुद्धीवर आल्यावर सावकाश, हनुमंताला आसनावर बसवून, सगळी हकीकत ऐकतो.

त्या बाइकवरच्या मुलाने रामायण वाचलंय की नाही, मला माहीत नाही. पण चाळीस सेकंदांत त्याने क्रम बरोबर लावला होता. आत्या बरी आहे. तिने विचारलंय, तुम्ही बरे ना.

आत्याशी प्रत्यक्ष बोलणं व्हायला जूनचा तिसरा आठवडा उजाडला. तिचा बटणांचा साधा फोन. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तीच उत्साहाने सांगायला लागली, "अरे, माझी बॅटरी पुरली बघ! वीज नाही म्हटल्यावर मी फोन बंदच करून ठेवला. रोज सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी सात ते साडेसात तेवढा चालू करायचे. तू करतो म्हणालास ना, म्हटलं नेमका तुझा फोन यायचा आणि बॅटरी गेलेली असायची."

टॉवर पडलाय हे तिला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. पण मी 'करतो' म्हटलं होतं.

इथवर ठीक होतं, म्हणजे मी स्वतःला माफ करू शकलो असतो. त्या वर्षी भाऊबीजेला बाबांना घेऊन मी म्हसळ्याला गेलो. घाटातून खाली बघवत नव्हतं. जिथे हिरवं छत असायचं तिथे बोडके बुंधे. आत्याच्या घरावर नवे निळे पत्रे. वाडीत सुपारीची शंभरावर झाडं होती, सतरा उभी राहिली होती. सुपारीचं झाड लावल्यापासून पीक द्यायला सहा-सात वर्षं घेतं, आणि आत्या तेव्हा एकाहत्तरची. हा हिशेब कुणी बोलून दाखवला नाही.

ओवाळून झालं, जेवणं झाली, आणि सुपारी कातरता कातरता ती सहज म्हणाली, "पंचायतीची माणसं शाळेत चला म्हणत होती. पण शाळेत मुंबईहून आलेली माणसंही असणार, आणि टीव्हीवर रोज तो कोरोना. म्हटलं, जावं की न जावं, याला विचारावं. म्हणून तर फोन केला होता. मग तू करतो म्हणालास, म्हणून थांबले."

बाबांनी हातातला पेला खाली ठेवला.

छप्पर उडालं तेव्हा ती माजघरात देव्हाऱ्याच्या भिंतीला पाठ लावून, डोक्यावर भाताचं मोठं पातेलं धरून बसली होती. दोन तास. हे ती हसत हसत सांगत होती. त्या पातेल्याला पोचा आलाय, कौलाचा. अजून त्याच पातेल्यात भात होतो.

मंडळी, म्हणून आता हा भाग उलटता येत नाही. भरताने चिता रचण्याची भाषा केली तेव्हा मला पूर्वी वाटायचं, हे काव्य आहे, जरा जास्तच आहे. तसं नाहीये. आपण 'करतो' म्हणतो तेव्हा समोरचा माणूस आपल्या शब्दावर नेमकं काय ठेवून बसलाय, हे आपल्याला दिसतच नाही. कुणी फक्त चहा ठेवायचा थांबलेलं असतं. कुणी घर सोडायचं की नाही हे ठरवायचं थांबलेलं असतं. फोनवर दोघांचा आवाज सारखाच येतो, "बरं बरं, कर हां."

आणि आपली भाषा या बाबतीत किती सैल झालीय! मुलगी बघायला आलेली मंडळी 'कळवतो' म्हणून उठतात, आणि त्या एका शब्दावर मुलीकडचे महिनाभर फोन वाजला की दचकतात. कळवतो म्हणजे नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी दचकतात. मुलाखत घेणारे तेच करतात. आपणही करतो. दोन निळ्या खुणा दिसतात, वर 'टायपिंग' येतं, जातं, आणि मग काहीच नाही. नाही म्हणायला जीभ उचलत नाही म्हणून आपण 'करतो' म्हणतो. मी तरी त्या सकाळी दुसरं काय केलं? 'आत्या, आत्ता जमत नाही, पण एका वाक्यात सांग काय झालंय' एवढं विचारायला मला किती वेळ लागला असता?

इथे पुंडलिकाची आठवण येते. तो आईवडिलांचे पाय चेपत होता आणि दारात साक्षात देव. त्याने सेवा सोडली नाही. पण देवाला ताटकळतही ठेवलं नाही. मागे वीट सरकवली : यावर उभा राहा, माझं चालू आहे ते संपू दे. आपण या गोष्टीत पुंडलिकाची मातृपितृभक्ती बघतो, ती आहेच. मला हल्ली ती वीट जास्त दिसते. थांबायला लावायचं असेल तर थांबणाऱ्याला पायाखाली काहीतरी द्यावं. कारण सांगावं, वेळ सांगावी. पावसाळ्याचे दिवस होते असं म्हणतात, चिखलात तरी उभं राहायला लागू नये. माझ्या 'दहा मिनिटांत करतो'मध्ये वीट नव्हती. नुसता चिखल होता.

देवालाही आपण असंच ठेवतो, हा आणखी एक भाग. नोकरी लागली की पारायण करतो. परीक्षा झाली की वारीला येतो. निवांत झालो की रोज बसतो. यातलं किती मी परत केलं, त्याचा हिशेब मांडायला बसलो आणि मध्येच उठलो. तुम्ही बघा तुमचा.

थांबणाऱ्या बाजूबद्दलही थोडं लिहायला हवं, कारण तुमच्यातले बरेच जण त्या बाजूला आहात, तुमचे मेसेज येतात त्यावरून कळतं. भरत चौदा वर्षं थांबला म्हणजे दाराकडे डोळे लावून नुसता बसला, असं नाही. तो राज्य बघत होता. राम परत आल्यावर तो सांगतो की कोश, धान्याची कोठारं, सैन्य, सगळं दसपट झालंय, बघून घे. हे त्याचं थांबणं. आत्याचंही थोडं तसंच. फोन बंद ठेवण्याच्या त्या तेवीस तासांत ती कौलं गोळा करत होती, ओलं तांदूळ वाळवत होती, शेजारणीच्या लेकराला सांभाळत होती. सात वाजले की फोन चालू.

आणि शंका आली तर? भरतालाही आली, हे वाचून मला फार बरं वाटलं. निरोप मिळाला, नगर सजलं, सगळे सामोरे गेले, आणि राम दिसेना. तेव्हा भरत हनुमंताकडे वळून विचारतो की ही वानराची चंचलता तर नव्हे? मला तर राम कुठे दिसत नाही. एवढा मोठा भक्त, समोर साक्षात मारुती, आणि तरी विचारतो. वाल्मीकींनी ते लपवलेलं नाही. हनुमानही चिडत नाही. तो म्हणतो, कान दे, वानरांचा कोलाहल ऐकू येतोय. ती बघ, धूळ उडतेय. तेव्हा तुम्ही कुणाची वाट बघत असाल आणि मनात शंका आली, तर लगेच 'माझी श्रद्धाच कमी' असं म्हणू नका. विचारा. एकदा, सरळ. सतरा मिस कॉल देऊन नव्हे.

मी काय बदललं? फार नाही. 'करतो' हा शब्द तोंडात आला की घड्याळ बघतो. आत्या रोज संध्याकाळी सातला मोकळी असते, तो फोन माझा. मीटिंग असेल तर सकाळीच सांगून ठेवतो, "आज आठला." ती म्हणते, "बरं बरं." दोनदा चुकलोय. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी तिने विचारलं नाही, आणि दोन्ही वेळा मला ते पातेलं आठवलं.

एक राहिलं. भाऊबीजेच्या त्याच दिवशी तो शेजारचा मुलगा भेटायला आला. बाबांनी त्याला पाकीट द्यायचा प्रयत्न केला, त्याने घेतलं नाही, लाडू मात्र चार खाल्ले. बाबांनी विचारलं, त्या दिवशी किती जणांना फोन केलेस? त्याने सांगितलं, वहीच्या पानावर अकरा नंबर होते, घरोघरी फिरून लिहून घेतलेले. दहा लागले. अकरावा आखातातला, मोहल्ल्यातल्या एका चाचींच्या मुलाचा. त्याच्या फोनवरून बाहेरदेशी लागतच नव्हता, आणि तोवर अंधार पडायला आला.

"मग?" बाबांनी विचारलं.

"मग काय, घरी आलो. चाचींना सांगितलं, आज नाही झालं, उद्या करतो," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशी परत गेलो. तेवढ्या एकासाठीच."

राम कृष्ण हरी.